खोडलेले परत आणताना

आमच्या प्रयोगशाळेच्या संगणकावर एकाच आज्ञावलीच्या फाइली ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरी अंतिम’ अशा नावांनी साठत. त्यांतली खरी कोणती, हे आम्हालाही सांगता येत नसे. ही अडचण ‘गिट’ सोडवते. लायनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिले.

‘गिट अ‍ॅड’ म्हणजे कोणते बदल नोंदवायचे ते निवडणे. ‘गिट कमिट’ म्हणजे त्यांची नोंद करणे. सोबत एका ओळीत कारणही लिहायचे. नोंदवलेला बदल चुकीचा निघाला, तर ‘गिट रिव्हर्ट’ त्याच्या उलट बदलाची नवी नोंद करते, जुने पान फाडत नाही. (प्रयोगवहीत मुलांना आपण चूक खरवडू नका, नुसती रेघ मारा म्हणतो, तसेच!)

‘गिट रिस्टोर’ मात्र जपून वापरावे. फाइलचे नाव घालून ही आज्ञा दिली, की त्या फाइलीतले अ‍ॅड न केलेले बदल पुसले जातात. गिटकडे त्यांची प्रत नसतेच, मग ते परत कुठून देणार? आमचे एका दुपारचे काम असेच गेले. आता आम्ही आधी ‘गिट डिफ’ देतो. काय पुसले जाणार, ते ओळीओळीने दिसते.