गाणारे थांबतात तेव्हा

नाटक कंपनी बंद पडते, तमाशाचा फड मोडतो, लग्नात वाजवणारा बँडचा ताफा विकला जातो. पण एखादे भजनी मंडळ निवृत्त झाल्याचे कोणी ऐकले आहे काय? बुवांचा आवाज बसतो, पखवाज्याची बोटे आखडतात, टाळकरी एकेक करून कमी होतात, आणि एके एकादशीला देवळात पेटी उघडलीच जात नाही, इतकेच. तारीख ठरवून, गावोगाव सांगावा धाडून, ‘आता आम्ही थांबतो, एकदा येऊन ऐकून जा’ असे म्हणण्याची रीत आपल्याकडे नाही. ही रीत ज्यांनी पाळली अशा एका मंडळाची हकिकत येथे सांगावयाची आहे. मंडळ अमेरिकेतले, गीते ख्रिस्ती भक्तीची, आणि वाद्ये म्हणाल तर विजेवर चालणारी गिटार व आपल्या ताशालाही मागे सारणारे ड्रम! उमरखेडच्या माणसाला त्याचे काय, ही शंका रास्त आहे. परंतु पैनगंगेच्या अलीकडची खंजिरी आणि पलीकडच्या मराठवाड्यातला टाळ-मृदंग या दोहोंचा नाद ज्या गावाच्या कानी पडतो, त्याला या हकिकतीत ओळखीचे पुष्कळ सापडेल असे आम्हांला वाटते.

१९७२ मध्ये इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या शहरी चार तरुणांनी ‘पेट्रा’ नावाचा ताफा उभा केला. बॉब हार्टमन हा त्यातला मुख्य. गिटार त्याची आणि पुढे गीतेही बहुतांशी त्याचीच. पेट्रा हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ खडक. ख्रिस्ताने शिमोन नावाच्या शिष्याला पेत्र हे नाव दिले आणि या खडकावर आपण आपली मंडळी उभारू असे सांगितले, ही कथा शुभवर्तमानात आहे. आता इंग्रजीत खडकाला रॉक म्हणतात, आणि १९५० नंतरच्या दशकांत तरुणांना ज्याने वेड लावले त्या संगीतालाही रॉकच म्हणतात. संगीतातल्या रॉकचा मूळ अर्थ मात्र हेलकावे घेणे, डोलणे. एका शब्दावर दोन अर्थ बसवण्याची ही करामत आपल्या शाहिरांनाही आवडली असती.

भक्तीची गीते या डोलणाऱ्या चालींत बसवण्याची कल्पना पेट्राची नव्हे. लॅरी नॉर्मन या गायकाची ‘या खडकावर’ अशा अर्थाच्या नावाची ध्वनिमुद्रिका १९६९ मध्ये निघाली होती आणि ख्रिस्ती रॉकची सुरुवात पुष्कळ जण तिच्यापासूनच धरतात. कल्पना नवी होती तशी ती वादग्रस्तही ठरली. जे संगीत दारूच्या गुत्त्यात आणि नाचगाण्यात वाजते तेच प्रार्थनेत कसे आणावे, हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न होता. कित्येक देवळांची दारे अशा ताफ्यांना बंद होती. पुढे १९८७ मध्ये जिमी स्वॅगर्ट या दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध उपदेशकाने या प्रकाराला मेंढराचे कातडे पांघरलेला लांडगा ठरवणारे एक पुस्तकच लिहिले. तरुणांचे म्हणणे उलट होते. आम्ही रोज ज्या सुरात बोलतो त्या सुरात देवाचे नाव घ्यायचे नाही, तर मग घ्यायचे कोणत्या सुरात?

हा वाद आपल्याला परका नाही. मराठीत तो एक शतक आधी, आणि तोही ख्रिस्ती मंडळींतच, एका निराळ्या अंगाने उभा राहिला होता. सुरुवातीची मराठी ख्रिस्ती गीते बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि ती विलायती चालींवर म्हटली जात. शब्द मराठी, पण जीभ अडखळे. ताल आपला नव्हे. नारायण वामन टिळकांनी ही अडचण दूर केली. टिळक मूळचे कोकणातले, परंतु त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते आपल्या मुलखात. नागपूरला ते आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, आणि १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अहमदनगरला राहून त्यांनी अभंग, पदे, ओव्या यांतून ख्रिस्तभक्ती मांडली. भजन आणि कीर्तन ही आपली वाहने त्या भक्तीला दिली. ज्या टाळमृदंगापासून धर्मांतरिताने दूर राहावे असे काहींना वाटत होते, तोच टाळमृदंग पुन्हा प्रार्थनेत आला. अमेरिकेतल्या पोरांनी गिटार आणली, टिळकांनी टाळ आणला. एकाने नवे उचलले, दुसऱ्याने जुने. तरी प्रश्न एकच होता, की देवापुढे माणसाने स्वतःच्या आवाजात बोलावे की उसन्या.

टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. त्यांच्या गीतांना मात्र कोणी निरोप दिला नाही, कारण तशी वेळच आली नाही. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे, आणि आजही रविवारी महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती देवळांतून त्या म्हटल्या जातात. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना कर्ता कोण हे ठाऊकही नसेल. भक्तिगीताच्या कवीला याहून मोठे बक्षीस कोणते द्यावे, हे आम्हांला सुचत नाही.

पेट्राची गोष्ट इतकी सोपी नव्हती. रॉक हे सभागृहाचे संगीत. दिवे, ध्वनिवर्धक, रंगमंच यांवाचून ते उभे राहत नाही. तेहतीस वर्षांत ताफ्यातली माणसे सारखी बदलत गेली. ग्रेग व्होल्झ या गायकाने पेट्राला नावारूपाला आणले आणि १९८५ मध्ये तो बाहेर पडला. १९८६ पासून जॉन श्लिट गाऊ लागला, तो अखेरपर्यंत. खुद्द हार्टमननेही १९९५ च्या सुमारास गावोगावचे फिरणे सोडले. गीते लिहिणे मात्र चालू ठेवले आणि २००३ मध्ये तो पुन्हा मंचावर आला. अमेरिकेतील ग्रॅमी हा संगीताचा मानाचा पुरस्कार या ताफ्याला चार वेळा मिळाला. ज्यांना देवळाच्या दारातून परतावे लागत होते, त्यांना २००० मध्ये गॉस्पेल संगीताच्या सन्मानदालनात जागा मिळाली. विरोध असा मावळला. वय मात्र थांबले नाही.

२००५ च्या मे महिन्यात त्यांनी जाहीर केले की, हे आमचे शेवटचे वर्ष. मग निरोपाचा दौरा निघाला. ४ ऑक्टोबर २००५ रोजी टेनेसी राज्यातील फ्रँकलिन येथे झालेला कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करून ‘निरोप’ याच नावाने प्रसिद्ध करण्यात आला. त्या रात्री वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेला व्होल्झ पाहुणा म्हणून आला आणि श्लिटच्या शेजारी उभा राहून गायला. जुना गायक आणि त्याच्या जागी आलेला गायक एकाच मंचावर! आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांतली भांडणे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना याचे मोल सांगावयास नको. अखेरचा कार्यक्रम उत्तर कॅरोलिनातील मर्फी या लहानशा गावी ३१ डिसेंबरच्या रात्री झाला. मध्यरात्र उलटून नवे वर्ष लागले आणि पेट्रा थांबली.

त्या वर्षी ऐकायला गेलेल्या माणसांचा विचार करावा. १९७४ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा जो अठरा वर्षांचा होता, तो आता एकोणपन्नास वर्षांचा होता. गीते तर त्याच्या घरी होतीच. तबकड्या, फिती, पुढे सीडी, सगळे कपाटात होते. बटण दाबले की तोच आवाज, तोही तरुणपणचा. मग हा मनुष्य गाडी काढून दूरच्या गावी कशासाठी गेला? आमच्या मते तो गाणे ऐकायला गेलाच नाही. ज्या लोकांत उभे राहून आपण गायलो त्या लोकांना पाहायला तो गेला. भजनाला बसणारा मनुष्य बुवांसाठी येतो हे अर्धेच खरे. तो शेजारच्या टाळकऱ्यासाठीही येतो. बुवांनी चरण म्हणावा आणि सगळ्यांनी मिळून धृपद उचलावे, त्यात आपला आवाज कोणता हे आपल्यालाही कळू नये, हे सुख घरच्या यंत्रात सापडत नाही. मंडळ थांबते तेव्हा धृपद उचलणारे पांगतात. डोळ्यांत पाणी येते ते यामुळे.

यावर कोणी म्हणेल की, गायकाचाही काही मोह असतोच. असतो, आणि केव्हा केव्हा तो श्रोत्यांनाच अधिक असतो. बालगंधर्वांचे उदाहरण घ्या. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि पुढली वीस वर्षे महाराष्ट्र त्यांच्या गळ्यावर जगला म्हटले तरी चालेल. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात त्यांनी एकनाथांची भूमिका केली. स्त्रीवेष उतरवून सन्मानाने मागे सरण्याची ती एक संधी होती. परंतु ते पुन्हा रंगभूमीवर आले. साठी उलटल्यावरही ते शालू नेसून उभे राहत, आणि समोरची माणसे कानांनी कमी व आठवणींनी जास्त ऐकत. त्यांना थांबा असे सांगण्याची कोणाची छाती झाली नाही. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. प्रेमाने श्रोते आंधळे होतात हे आपण जाणतो; त्या प्रेमापायी थकलेल्या माणसालाही ते बसू देत नाहीत, याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी होत नाही. गंधर्वांची पदे पुढे इतरांनी म्हटली, उत्तम म्हटली. तरी ती ‘गंधर्वांसारखी’ म्हटली गेली. जे गाणे एका गळ्याशी इतके बांधलेले असते, त्याला वारस मिळत नाही, नक्कल करणारे मिळतात.

आणि आता खंजिरी. तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी प्रत्यक्ष ऐकली अशी माणसे आता थोडी उरली आहेत. १९०९ मध्ये यावलीला जन्मलेल्या या पुरुषाने दोन्ही हातांत मावेल एवढ्या एका वाद्यावर लाखालाखांच्या सभा धरून ठेवल्या, १९४२ मध्ये याच भजनांपायी तुरुंग पाहिला, आणि १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेतही तीच खंजिरी वाजवली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीच्या गुरुकुंजात त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून माणसे मोझरीला जमतात, आणि बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळा समुदाय उभा राहून मौन पाळतो. ज्याने आयुष्यभर गाऊन लोकांना जागे केले, त्याला लोक निरोप देतात तो न गाता. पेट्राच्या श्रोत्यांना असा निरोप एकदाच देता आला. मोझरीला तो दरवर्षी दिला जातो, म्हणजे खरे पाहता दिलाच जात नाही. कारण मौन सुटले की खंजिऱ्या पुन्हा वाजू लागतात, आणि गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांतून सामुदायिक प्रार्थना चालूच राहते. महाराजांनी भजने अशी केली की ज्याला गळा नाही त्यालाही ती म्हणता यावीत. बालगंधर्वांचे पद शंभरांतल्या एकाला पेलते. हे भजन शंभरांतल्या नव्वदांना.

पेट्रा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. तिची बहुतेक गीते ताफ्यावाचून उभी राहणार नाहीत. परंतु १९८९ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये त्यांनी केवळ उपासनेची, सगळ्या मंडळीने मिळून म्हणावी अशी गीते मुद्रित केली. आपल्यानंतर काय उरेल याचा विचार त्यांनी त्या वेळी केला होता की नाही कोण जाणे. पण ध्वनिवर्धक काढून घेतला तरी म्हणता येईल असे त्यांच्या संग्रहात जे आहे, ते मुख्यतः या दोन मुद्रिकांत.

येथे आपल्या गावच्या मंडळांविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. आपण भजनांच्या वह्या जपतो, छापील पोथ्या जपतो. पण चाल कोठे लिहिली जाते? ती बुवांच्या गळ्यात असते आणि बुवांबरोबर जाते. मागे अभंग उरतो आणि त्याला सिनेमातली एखादी चाल लावून मुले वेळ मारून नेतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हाती कोणी काही दिलेलेच नसते. बुवांच्या सत्तरीला त्यांना शाल आणि नारळ देतो, छायाचित्र काढतो, भाषणे करतो. तेवढ्या वेळात त्यांच्याकडून चार जुन्या चाली म्हणवून घेऊन हाताशी असलेल्या फोनवर उतरवून ठेवल्या तर शाल काही मळणार नाही. तेहतीस वर्षे झाली, आता हे शेवटचे, असे पेट्राने आधी सांगितल्यामुळे श्रोत्यांना यायला, जुन्या गायकाला परतायला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला यंत्र लावायला सवड मिळाली. आमचे बुवा सांगत नाहीत आणि आम्ही विचारीत नाही. विचारणे म्हणजे ‘आता तुमचे वय झाले’ असे तोंडावर म्हणणे, असे आपल्याला वाटते.

राहता राहिली एक गोष्ट, जी सांगितली नाही तर हकिकत अपुरी राहील. पेट्रा परत आली. २०१० मध्ये व्होल्झसह जुनी माणसे ‘क्लासिक पेट्रा’ या नावाने एकत्र जमली, आणि २०१३ मध्ये चाळिशीच्या निमित्ताने श्लिटसह पुन्हा दौरा निघाला. २००५ च्या शेवटच्या रात्री डोळे पुसणाऱ्यांना हे ऐकून काय वाटले असेल? कोणी याला शब्द मोडणे म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. बालगंधर्वांच्या नाटकाला दहाव्यांदा तिकीट काढणाऱ्या मराठी माणसाला तर ते अधिकारच नाहीत.