साधा कॅमेरा

नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या किल्ल्यासमोर उभ्या राहिलेल्या छायाचित्रकाराच्या हाती आज बहुधा मिररलेस कॅमेरा असतो. पूर्वीच्या अनेक कॅमेऱ्यांत भिंगातून आलेले चित्र आरशाच्या साहाय्याने डोळ्यापर्यंत पोहोचे. यात आरसाच नाही. चित्र थेट पडद्यावर दिसते आणि एका सेकंदात दहा-वीस छायाचित्रे निघतात. पुढे त्यांतले चांगले कोणते, हे निवडता निवडता मात्र जीव मेटाकुटीस येतो!

म्हणूनच असा कॅमेरा वर्षानुवर्षे वापरलेली काही हौशी माणसे पुन्हा साध्या कॅमेऱ्याकडे वळतात. एकेकाळी वडोदऱ्यास तयार होणारा 'आग्फा क्लिक ३' हा असाच एक कॅमेरा. त्यात फिल्मच्या एका गुंडाळीवर अवघी १२ छायाचित्रे निघतात. ऊन आहे की ढग, एवढेच पाहून खटका दाबावयाचा. मग पाठीमागच्या तांबड्या खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत गुंडी फिरवावयाची. ती फिरवावयाची राहिली, तर एका चित्रावर दुसरे उमटते. बुरुजावरचा ढग केव्हा सरेल, खंदकाकाठी सावली कोठवर येईल, हे खटका दाबण्यापूर्वीच ताडावे लागते. चूक झाली, तरी फिल्म धुईपर्यंत ती कळत नाही.

लातूर जिल्ह्यातील खरोसा लेण्यांच्या अंधारात मात्र हा कॅमेरा हात टेकतो. त्याची झडप अधिक वेळ उघडी ठेवण्याची सोय नाही. तेथे मिररलेसच हवा. शिवाय मराठवाड्याचा उन्हाळा ४० अंशांपुढे जातो आणि त्या उष्णतेने फिल्म बिघडते. म्हणून ती थंड, कोरड्या जागी ठेवतात, आणि बारावे चित्र घेऊन झाल्यावर गुंडाळी सावलीतच बाहेर काढतात.