रजईचं कापड, मिक्सरचं कव्हर आणि आपली मजुरी

आजच्या बोलण्यासाठी वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा, कारण मापं आहेत आणि थोडा हिशेबही आहे. विषय आहे तयार रजईतून स्वयंपाकघरातल्या यंत्रांची कव्हरं शिवण्याचा. मिक्सर आता बहुतेक घरांत आला. कुठं घरघंटी आली, कुठं पाण्याचा फिल्टर. या वस्तूंवर चुलीची राख, फोडणीचा तेलकट धूर आणि पिठाची धूळ बसते. प्लॅस्टिकचं कव्हर बाजारात स्वस्त मिळतं; पण ते आतून घाम धरतं आणि वर्षभरात तडकतं. जाड कापडाचं कव्हर धुता येतं, नीट उभं राहतं आणि दिसायलाही चांगलं दिसतं.

मग रजईच का? साधं कापड घेतलं, तर त्याला अस्तर लावा, मध्ये फोम घाला, तिन्ही थर हलू नयेत म्हणून उभ्या-आडव्या शिवणी मारा. अर्धा दिवस त्यातच जातो. तयार रजईत ते काम आधीच झालेलं असतं. आपल्याला फक्त मापानं कापायचं आणि जोडायचं.

पण कुठलीही रजई चालत नाही. पिंजाऱ्याकडून कापूस भरून घेतलेली रजई याला घेऊ नका. तिचा कापूस मोकळा असतो; कापली की बाहेर येतो आणि धुतली की गोळे होतात. आपल्याला हवी ती पातळ, सगळीकडून जवळजवळ शिवण मारलेली. दुकानात तिला एसीची रजई म्हणतात किंवा जयपुरी रजई म्हणून विकतात. दोन शिवणींमधलं अंतर चार बोटांहून जास्त नको. आणि घरात आजीनं हातानं धावदोरा घातलेली गोधडी असेल, तर तिला कृपा करून कात्री लावू नका. अंगावर घ्यायची ती चीज आहे, मिक्सरवर घालायची नाही.

रजईच्या आत काय भरलंय, हे पाहणं फार गरजेचं आहे. आतला चिमूटभर भराव काढा, अंगणात या, चिमट्यात धरून काडी लावा. कापूस असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर असेल तर ते आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. मिक्सरच्या कव्हरला दोन्ही चालतात. पण उरलेल्या तुकड्यांतून गरम पातेली धरायची फडकी शिवायची असतील, तर फक्त कापूसच हवा. वरचं कापडही सुतीच. पॉलिस्टर गरम पातेल्याला वितळून चिकटतं, आणि हाताला चिकटलं तर कातडी घेऊनच निघतं. गिऱ्हाइकाला फडकं विकणार असाल, तर ही काडीची परीक्षा आपली जबाबदारी आहे. दुकानदाराच्या तोंडी भरवशावर राहू नका.

रजई आणली की पहिलं काम म्हणजे ती भिजवून धुणं. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि रंगही सोडतं. जे आटायचं ते शिवण्याआधीच आटू द्या. उन्हात कडकडीत वाळवा. त्यानंतरच माप.

आता माप. आपला मिक्सर वर मोठं भांडं बसवून ओट्यावर ठेवा. समजा त्याची रुंदी ९ इंच भरली, पुढून मागं खोली ११ इंच आणि उंची साडेसतरा. उंचीतून अर्धा इंच वजा करा, म्हणजे कव्हर ओट्याला टेकणार नाही आणि ओलं होणार नाही. राहिली १७. रुंदी आणि खोली दोन्हींत एक-एक इंच सैलपणा धरा आणि शिवणीत जाणारा एक-एक इंच, म्हणजे दोन्ही कडांना अर्धा-अर्धा.

या कव्हरचे तुकडे फक्त तीन. एक लांब पट्टा, जो समोरून वर चढतो, डोक्यावरून जातो आणि मागं उतरतो. दोन बाजूचे तुकडे, डावा आणि उजवा. पट्ट्याची रुंदी ९ अधिक १ अधिक १, म्हणजे ११ इंच. लांबी १७ चढायची, १२ डोक्यावरची, १७ उतरायची, म्हणजे ४६ इंच. बाजूचा तुकडा १३ इंच रुंद आणि साडेसतरा इंच उंच; हा अर्धा इंच वरच्या शिवणीचा. खाली दुमड धरलेली नाही, कारण खाली आपण पट्टी लावणार आहोत. तुमच्या मिक्सरचं माप वेगळं येईल, तेव्हा आकडे पाठ करू नका, रीत लक्षात ठेवा. हे तीन तुकडे आधी जुन्या वर्तमानपत्राचे कापून मिक्सरवर धरून बघा. कागद फुकट आहे, रजई नाही.

एका माणसाची रजई बहुधा ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब येते. कडेची गोट काढली आणि धुण्यात थोडी आटली, तर ५८ बाय ८८ धरा. तिच्यात वरच्या मापाची चार कव्हरं बसतात. पट्टे आडवे ठेवा, एकाखाली एक चार. ४४ इंच लांबी त्यांनी घेतली. त्याखाली बाजूचे तुकडे एका ओळीत चार, अशा दोन ओळी. त्यांनी ३५ घेतले. झाले ७९. उरते ती खालची ९ इंचांची पट्टी आणि पट्ट्यांच्या शेजारची १२ इंच रुंद, ४४ इंच लांब पट्टी. त्यातून ८ इंचांचे चौकोन काढले तर बारा निघतात. छापाला वर-खाली असेल, म्हणजे मोर, हत्ती, कुयरी उभी असेल, तर मात्र जपा. मागच्या बाजूला हत्ती उलटे होणारच. म्हणून पहिल्या वेळी बारीक फुलांचा किंवा ठिपक्यांचा छाप घ्या.

कापायच्या आधीची एक गोष्ट कुणी सांगत नाही. कारखान्यात रजईला पुष्कळदा साखळी टाका मारलेला असतो. खताच्या पोत्याची शिवण आठवा, एक दोरा सापडला की सर्र करून सगळी उसवते. तोच हा टाका. मध्येच कात्री लावली, की कापलेल्या कडेपासून शिवणी सुटायला लागतात आणि भराव सरकतो. म्हणून खडूनं रेघ आखा, रेघेच्या दोन्ही अंगांनी पाव-पाव इंचावर मशीनची साधी शिवण मारा आणि मग त्या दोन शिवणींच्या मधून कापा. वेळ जातो, पण हे टाळलं तर कव्हर दोन धुण्यांत लोळागोळा होतं.

मशीनला १६ नंबरची सुई लावा. जिथं चार थर एकत्र येतात तिथं ती अडत असेल तर १८ नंबरची. टाका मोठा करा, इंचाला आठ-नऊ टाके पुरे. मशीनच्या पायाचा दाब वरच्या स्क्रूनं थोडा सैल करा, नाहीतर वरचा थर पुढं ढकलला जातो आणि शेवटी तुकडे लहान-मोठे येतात. जाड जागी पायडल मारू नका, चाक हातानं फिरवा. सुई मोडून डोळ्याकडे उडते ती अशाच जागी.

खिसा लावायचा असेल तर तो सपाट पट्ट्यावर आधीच लावून घ्या. चटणीच्या भांड्याचं झाकण, पाती काढायची चावी अशा वस्तू त्यात राहतात. मग पट्ट्याचा मध्य आणि बाजूच्या तुकड्याच्या वरच्या कडेचा मध्य खडूनं खुणा करून एकमेकांवर ठेवा, सुलट बाजू आत. मध्यापासून दोन्हीकडे टाचण्या लावत जा. कोपरा आला की पट्ट्याला पाव इंचाची चीर द्या, म्हणजे तो वळतो. चीर शिवणीच्या रेघेपर्यंत नेऊ नका. शिवताना कोपऱ्यावर सुई कापडात रुतवून ठेवा, मशीनचा पाय उचला, कापड फिरवा, पाय टाका आणि पुढं चला. कोपरा काटकोनात येण्याचं एवढंच गुपित आहे.

आतल्या उघड्या कडांना तिरकस कापलेली पट्टी लावतात, तिला टेलर उरेब पट्टी म्हणतात. तिरकस कापडाला ओढ असते, म्हणून ती कोपऱ्यावर चुण्या न पडता वळते. खालच्या घेराला सरळ पट्टी चालते. दोन्ही मिळून एका कव्हरला साधारण चार मीटर पट्टी लागते, दोन इंच रुंदीची. यासाठी जुनी सुती साडी उत्तम. मात्र ताणून बघा, टर्रकन फाटत असेल तर नको.

आता वापराबद्दल, कारण कव्हरामुळं यंत्र बिघडलं तर नाव आपलं खराब होतं. मिक्सरची मोटर वापरात तापते आणि तिची उष्णता बाहेर जायला बुडाशी, मागं जाळी असते. वाटण झालं की लगेच कव्हर घालू नका. पिन काढा, भांडं धुवून कोरडं करा, मोटर निवू द्या, मग घाला. चालू मिक्सरवर आवाज कमी व्हावा म्हणून कव्हर टाकणाऱ्याही बायका आहेत. तसं कधीच करू नका. घरघंटीचंही तेच. फ्रिजला चहूबाजूंनी अंगरखा शिवून मागितला तर नाही म्हणा. फ्रिजची उष्णता मागून किंवा बाजूंच्या पत्र्यातून बाहेर पडते, ती कोंडली तर यंत्र जास्त चालतं आणि वीजबिल वाढतं. वरच्या फळीपुरतं, दोन्हीकडे थोडं लोंबणारं कव्हर द्यावं. गॅसच्या सिलिंडरचं कव्हर मी तरी शिवायला सांगणार नाही. रेग्युलेटर डोळ्यांना दिसला पाहिजे आणि हात त्याच्यापर्यंत एका क्षणात पोचला पाहिजे. शेगडीच्या शेजारी कुठलंच कव्हर लोंबत ठेवू नका.

आता पैशाचं बोलू, कारण गटात खरी गडबड इथं होते. समजा रजई ४८० रुपयांना पडली. चार कव्हरं निघाली, म्हणजे एकाला १२० रुपयांचं कापड. पट्टीचं कापड विकत घेतलं तर २०, दोरा ५, पिशवी ५. झाले दीडशे. सुया, तेल, तालुक्याला जायचं एसटीचं भाडं यांचा वाटा १० धरा. १६० झाले. आता कव्हर १८० ला विकलं तर हातात उरले वीस. धुणं, आखणं, दुहेरी शिवण, कापणं, जोडणं, पट्टी यांत नव्या हाताला एका कव्हरमागं दोन तास सहज लागतात. म्हणजे तासाला १० रुपये! खुरपायला गेलेल्या बाईची हजेरी याहून किती तरी जास्त असते. तरी गटात म्हटलं जातं, "घरबसल्या वीस सुटले की." सुटले नाहीत, मैत्रिणींनो. दोन तास गेले.

म्हणून मजुरी किमतीत आधी धरायची. तासाला ४० रुपये ठरवले, तर दोन तासांचे ८०. १६० आणि ८०, २४०. त्यावर गटासाठी ४० ठेवले की विक्री २८०. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या बाजारात रजई कितीला पडते ते घालून पुन्हा मांडा. या भावाला गावातली प्रत्येक बाई घेणार नाही, हेही खरं. प्लॅस्टिकच्या कव्हराशी भावात भांडायला जाऊ नका, तिथं आपण हरणार. आपलं गिऱ्हाईक म्हणजे लग्नघर. रुखवतात मिक्सर, फिल्टर, फ्रिजवरचं कव्हर असा एकाच छापाचा संच मांडला तर तो डोळ्यांत भरतो, आणि तिथं कुणी वीस रुपयांसाठी घासाघीस करत नाही. लग्नसराईच्या दोन महिने आधी नमुना तयार पाहिजे. उमेदच्या गटांना तालुका-जिल्ह्याच्या प्रदर्शनांत आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये जागा मिळते. तिथं जाण्याआधी गावात निदान आठ-दहा कव्हरं वापरात असू द्या आणि धुतल्यावर ती कशी राहतात ते बघा. बारा चौकोनांपैकी चांगले निघतील ते संक्रांतीच्या वाणाला खपतात. ती फडकी असतील तर काडीची परीक्षा झालेलीच हवीत, नाहीतर त्यांना फक्त थंड भांड्याखालची आसनं म्हणून द्या आणि तसं सांगून द्या.

सुरुवातीला गटाच्या पैशातून एकच रजई आणा. कर्ज काढून दहा आणू नका. कापण्याचं काम एकीकडेच द्या, जिचा हात स्थिर आहे तिच्याकडे. चौघींनी चार ठिकाणी कापलं की मापं जुळत नाहीत आणि मग वाद. शिवणारीला नगावर पैसे आणि वहीत तारखेसह सही. उसवून परत आलेला नग ज्या हातानं शिवला त्यानंच दुरुस्त करायचा, हे आधीच बोलून ठेवा.

आणि ऑर्डर घेताना फक्त "मिक्सरचं कव्हर" एवढं लिहून घेऊ नका. भांडं वर ठेवून झाकायचं की नुसतं बूड, रुंदी, खोली, उंची किती, पकडायची मूठ कुठल्या बाजूला बाहेर येते, हे विचारा. जमलं तर त्यांच्या घरी जाऊन आपल्या टेपनं मोजा. त्यांच्या टेपचा पहिला इंच तुटलेला असू शकतो.