कर्करोगाची स्टेज आणि आयुष्याचा अंदाज

घरात कॅन्सर निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘कितवी स्टेज?’ दुसरा प्रश्न डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारला जातो, ‘किती दिवस?’ पहिल्या उत्तरातून दुसरं उत्तर कितपत निघतं, हे आज आपण पाहू.

फ्रान्सचे शल्यचिकित्सक पिएर दन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात ‘टीएनएम’ पद्धत मांडली. टी म्हणजे मूळ गाठ किती वाढली, एन म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोचला का, आणि एम म्हणजे तो दूरच्या अवयवात गेला का. या तिन्हींची सांगड घालून बहुतेक कर्करोगांत पहिली ते चौथी स्टेज ठरते.

पण चार हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. थायरॉइडच्या नेहमी आढळणाऱ्या पॅपिलरी कॅन्सरमध्ये रुग्ण पंचावन्न वर्षांच्या आतला असेल, तर रोग दूर पसरला तरी आजच्या नियमाने स्टेज दुसरीच धरतात, कारण असे रुग्ण बरीच वर्षं जगतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तसाच प्रसार म्हणजे थेट चौथी. तेव्हा नुसती ‘स्टेज’ सांगून भागत नाही. कशाची स्टेज, तेही सांगावं लागतं.

आता न्यायशास्त्राकडे वळू. धूर दिसला की अग्नी आहेच, असं आपण म्हणतो, कारण त्यांच्यात व्याप्ती आहे. तिला अपवाद नाही. स्टेज आणि आयुष्य यांच्यात अशी व्याप्ती नाही. ‘पाच वर्षांनी शंभरातले तीस जण हयात’ असं समजा कोणी सांगितलं, तर ते विधान शंभरांच्या समूहाबद्दल खरं असेल. समोर खाटेवर बसलेला माणूस तिसांतला की सत्तरांतला, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. वय, इतर आजार, गाठीचा प्रकार, मिळालेले उपचार, यांनीही फरक पडतो.

मग स्टेज निरुपयोगी का? मुळीच नाही. आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे गाववार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही तपासणी फक्त एकदा केली. दुसऱ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. हे दोन गट साधारण सारखेच मोठे होते.

आठ वर्षांचा हिशेब २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीच्या गटात कर्करोग सापडले १२७, दुसऱ्यात ११८. म्हणजे जवळपास तेवढेच! पण दुसऱ्या किंवा त्यापुढच्या स्टेजचे पहिल्या गटात ३९, तर दुसऱ्यात ८२. आणि या रोगाने मृत्यू ३४ विरुद्ध ६४. स्टेज बदलली, तसे मृत्यूही बदलले.

इथे एक बारकावा आहे. अभ्यासकांनी मृत्यू मोजले, हे महत्त्वाचं. नुसतं ‘निदानानंतर किती वर्षं जगले’ एवढंच मोजलं तर फसगत होते. समजा, एका बाईचा मृत्यू २०२० मध्ये झाला. रोग २०१८ मध्ये कळला असता तर ती दोन वर्षं जगली, २०१३ मध्ये कळला असता तर सात वर्षं. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही. घड्याळ तेवढं आधी सुरू झालं. धाराशिवचा आकडा या शंकेतून सुटतो, कारण तिथे मृत्यूच कमी झाले.

जळगाव जामोदहून मुंबईला टाटाला जायचं तर आधी नांदुरा किंवा शेगाव गाठून रेल्वे धरावी लागते. एवढ्या प्रवासानंतर ‘चौथी स्टेज’ कानावर पडली की आता काही उरलं नाही, असं समजून परत फिरणारी कुटुंबं आपल्यात आहेत. म्हणून ‘किती दिवस?’ याआधी दोन प्रश्न विचारावेत: या स्टेजला उपचाराने काय साधेल, रोग बरा होणं की त्रास कमी होणं? आणि आमच्या रुग्णात असं काय आहे, ज्याने हा अंदाज बदलेल? आणि ज्या घरात आज कोणीच आजारी नाही, तिथल्या तिशी ओलांडलेल्या बायकांनी त्रास नसतानाच तपासणी करून घ्यावी. स्टेजचा आकडा माणसाचं भविष्य लिहीत नाही. पण तो लहान ठेवणं काही अंशी आपल्या हातात असतं.