फ्रीमेसन लॉज : पद म्हणजे सेवा

- लॉज : फ्रीमेसन या बंधुसंघाची स्थानिक शाखा. पहिल्या ग्रँड लॉजची (लॉजांच्या मध्यवर्ती संस्थेची) स्थापना लंडनमध्ये, २४ जून १७१७ रोजी मानली जाते.
- पहिली पायरी : बहुधा ‘स्ट्युअर्ड’. काम : भोजनाच्या वेळी बंधूंना वाढणे, पेले भरणे.
- पदचिन्हे : गवंड्याची हत्यारे. मास्टरच्या (लॉजप्रमुखाच्या) गळ्यात गुण्या, सीनियर वॉर्डनच्या पाणसळ, ज्युनियर वॉर्डनच्या ओळंबा. पाणसळ समतेची खूण.
- एप्रन : नव्या सदस्याला कोकराच्या कातड्याचे, साधे पांढरे.
- मुदत : मास्टरपद साधारण एक वर्षाचे. नंतर खुर्ची पुढच्या बंधूकडे.
- टायलर : दाराबाहेर तलवार घेऊन उभा राहणारा पहारेकरी. हे काम अनेकदा माजी मास्टर करतात.
- माळी आणि अध्यक्ष : थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष असताना त्यांच्या लॉजचा मास्टर शेजाऱ्याच्या बागेतला माळी होता. रूझवेल्ट स्वतः हे सांगत.
- मुंबईत : भारतीयांना प्रवेश देण्यासाठी १८४३मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ लॉज.
- ग्रँड लॉज ऑफ इंडिया : स्थापना १९६१.