निशिगंधाचा गलबला

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, भाचीने परदेशाहून आणून दिलेल्या एका काळ्या बाटलीतील थोडेसे द्रव्य लहानशा कुपीत काढून ती कुपी मी चांदीच्या अत्तरदाणीत ठेवली, आणि आलेल्या बायकांच्या हाताच्या पाठीला नेहमीच्या अत्तराऐवजी त्या परदेशी सुगंधाचीच काडी फिरवण्याचा घाट घातला. तरुण मुलींनी तात्काळ पसंतीच्या माना डोलावल्या. आमच्या ऐंशी वर्षांच्या काकूंनी मात्र हात नाकाशी नेला, क्षणभर डोळे मिटले आणि निकाल दिला, “अगं, ही तर रात्री डोक्यातून काढायची राहिलेली वेणी! सकाळी उशीवर सापडते ना, ती!”

बाटलीवरचे नाव होते ‘फ्राका’. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ गलबला, काहीतरी मोठा आवाज करीत कोसळणे. काकूंना फ्रेंच येत नाही आणि रसायनशास्त्राशीही त्यांचा संबंध नाही. तरीपण ज्याला सुगंधाच्या व्यापारात ‘पांढऱ्या फुलांचा परफ्यूम’ म्हणतात त्याचा मूळ स्वभाव त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला होता.

ही संज्ञा केवळ रंगावरून पडलेली नाही, कारण पांढरा गुलाब किंवा पांढरी शेवंती या वर्गात कोणी घालीत नाही. मोगरा, जाई, निशिगंध, अनंत आणि कडू नारिंगाची फुले यांची ही बिरादरी असून तिच्यातील बहुतेकांचा खरा अंमल सूर्यास्तानंतर सुरू होतो. ज्या फुलाला रात्री हिंडणाऱ्या पतंगांना बोलावून घ्यायचे आहे त्याने रंगावर खर्च करण्यात अर्थ नाही. अंधारात दिसेल एवढा पांढरेपणा आणि दुरून ओढून आणील एवढा गंध, या दोनच गोष्टींवर त्याचा संसार चालतो. त्यामुळे या फुलांच्या गंधात मुळातच एक प्रकारची हाक असते, आणि हाक म्हटली की ती हळू आवाजात मारून भागत नाही.

त्या हाकेला भरदारपणा देणाऱ्या द्रव्यांपैकी इंडोल हे एक. जाईच्या अर्कात ते सुमारे २.५ टक्के असते. निव्वळ हुंगले तर डांबरगोळ्यांची आठवण व्हावी असा त्याचा वास. आणि हेच द्रव्य विष्ठेतही असते, ही गोष्ट हळदीकुंकवाच्या प्रसंगी बोलण्याजोगी नसली तरी लेखात दडवून ठेवण्याचे कारण नाही. मात्र हेच इंडोल पुरेसे विरळ होऊन इतर गंधद्रव्यांत मिसळले म्हणजे फुलाला मांसलपणा, ऊब, किंबहुना जिवंतपणा येतो, आणि ते अजिबात वगळले तर उरते ते साबणाच्या वडीसारखे स्वच्छ व निष्प्राण काहीतरी. वेणी कोमेजू लागली म्हणजे ताज्या, हिरव्या छटा आधी निघून जातात आणि हा खालचा जडपणा उघडा पडतो. काकूंच्या नाकाने ओळखला तो नेमका हाच. निशिगंधात याखेरीज आणखी एक पाहुणा असतो, मिथाइल सॅलिसिलेट. मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमाला जो थंड, झोंबरा वास असतो तो त्याचाच. निशिगंधाची एखादी दांडी संध्याकाळी अगदी जवळ धरून सावकाश हुंगावी. आधी ते मलम लागते, मग लोणी, मग किंचित रबर, आणि या सगळ्यांची बेरीज मात्र निशिगंधच होते. अनंताची कथा निराळी. त्याचा अर्क व्यापारी प्रमाणावर काढणे परवडत नाही, म्हणून परफ्यूमच्या वर्णनात अनंताचे नाव आढळले तर तो बहुधा रचनाकाराने इतर द्रव्यांतून उभा केलेला देखावा आहे असे खुशाल समजावे.

‘फ्राका’ निघाला १९४८ साली, पॅरिसमध्ये, रोबेर पिगे या जन्माने स्विस असलेल्या वेशरचनाकाराच्या नावाने. महायुद्धाचे टंचाईचे दिवस नुकतेच सरले होते. पिगेकडेच पूर्वी उमेदवारी केलेल्या क्रिस्तियाँ दिओरने आदल्या वर्षी, १९४७ मध्ये, वारेमाप कापडाचे घेरदार झगे आणून काटकसरीला राजरोस निरोप दिला होता. अशा वेळी जर्मेन सेलिए या स्त्रीने निशिगंधाची ही रचना केली. पुरुषांचीच मिरासदारी असलेल्या त्या व्यवसायात नाव कमावणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकी ती एक. पिगेसाठीच १९४४ मध्ये तिने ‘बांदी’, म्हणजे दरोडेखोर, नावाचा चामड्याच्या कडवट वासाचा परफ्यूम रचला होता. एकाच बाईने एकाच घराण्यासाठी आधी दरोडेखोर आणि मागाहून गलबला निर्माण करावा, यातच तिच्या वृत्तीची ओळख पटते.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. आपल्याकडे तो इतका रुळला आहे की गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गुलछडी किलोवर तोलली जात असताना तिच्या परदेशी मुळाची शंकाही कोणाला येत नाही. हाराची सुटी फुले एकेरी पाकळ्यांच्या जातीची आणि फुलदाणीतल्या लांब दांड्या बहुतेक दुहेरीच्या. वासाला एकेरी सरस, आणि अर्कासाठीही तीच. या फुलाचा एक विलक्षण गुण असा, की खुडल्यावरही त्याचे गंध तयार करणे थांबत नाही. दक्षिण फ्रान्समधील ग्रास येथील कारागिरांनी या गुणाचा पुरेपूर लाभ उठवला: काचेच्या तावदानावर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचा, त्यावर फुले एकेक करून मांडायची, त्यांचा गंध चरबीत उतरला की ती काढून नवी मांडायची, आणि चरबी तृप्त झाली म्हणजे मद्यार्काने धुऊन तिच्यातून गंध सोडवून घ्यायचा. हा खटाटोप आता जवळजवळ बंद पडला असून फुलांचा अर्क द्रावकांच्या साहाय्याने काढला जातो, आणि फ्रेंच परफ्यूमांना लागणाऱ्या जाई-मोगऱ्याच्या व निशिगंधाच्या अर्काचा मोठा वाटा तमिळनाडू-कर्नाटकातून जातो. तेव्हा पॅरिसच्या बाटलीत काकूंना वेणी सापडली यात नवल ते काय?

या परफ्यूमची चाल समजून घेण्यासाठी मी एक अख्खा रविवार खर्ची घातला. सकाळी नऊला मनगटावर एक थेंब लावला. पहिली दहा मिनिटे नारिंगाच्या फुलांची तजेलदार, किंचित हिरवी सलामी झाली. नंतर निशिगंध आला तो लोण्यात घोळून, मोगरा नि अनंताचा भास यांना दोन्ही बाजूंना घेऊन, आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याने दुसऱ्या कोणाला बोलू दिले नाही. मलमाची झोंब सेलिएने जवळजवळ झाकून टाकली आहे. दोमिनिक रोपियाँ याने २००५ साली रचलेल्या ‘कार्नाल फ्लॉवर’मध्ये हीच थंड, निलगिरीची बाजू मुद्दाम पुढे काढलेली दिसते, आणि खऱ्या दांडीशी इमान राखण्याच्या बाबतीत तो सरस आहे असे माझे मत, परंतु थाट पाहावा तो ‘फ्राका’चाच. संध्याकाळी मनगटावर चंदन, कस्तुरीसारखी मऊ ऊब आणि पावडरीचा पुसट वास एवढेच राहिले होते. हा शेवटचा प्रहर मला सर्वांत आवडला, आणि नेमका तोच दुकानात कागदाची पट्टी हुंगून बाटली घेणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

राहता राहिला प्रश्न पेलण्याचा; कारण परफ्यूम लावणे वेगळे आणि पेलणे वेगळे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका लग्नाला निघताना अशाच दुसऱ्या एका पांढऱ्या फुलांच्या परफ्यूमचे चार फवारे मी मानेवर उडवले आणि बंद मोटारीत जाऊन बसले. पंधरा मिनिटांत मला स्वतःला काहीच वास येईना, म्हणून पर्समधली बाटली काढू लागले, तेव्हा धाकट्या नणंदेने अत्यंत अदबीने विचारले, “वहिनी, काच जरा खाली घेऊ का?” नाकाचा हा दस्तुरच आहे, सतत येणाऱ्या वासाची नोंद ठेवणे ते थोड्याच वेळात तहकूब करते, आणि लावणाऱ्याला जे संपले असे वाटते ते शेजाऱ्याच्या डोक्यात कळ आणीत असते. उष्णतेने गंध भराभर उडतो, दमट हवेत तो घामाशी सलगी करतो. म्हणून जूनमधल्या मुंबईच्या लोकलमध्ये निशिगंध लावून शिरणे हा मी सहप्रवाशांवर अन्याय समजते. कचेरीतही तो नको, बंद खोलीत फिर्यादी फार. त्याचे खरे स्थान डिसेंबरातील पुण्याची संध्याकाळ, उघडे अंगण, खांद्यावर शाल. पैठणीवर मात्र थेट उडवू नये, कारण रंगीत अर्काचा पिवळट डाग रेशमावरून हटता हटत नाही. हा परफ्यूम प्रौढ स्त्रीलाच शोभतो असे पुष्कळजण म्हणतात, ते मला पटत नाही. माझी विशीतली भाची तो बेधडक लावते आणि तिला तो शोभतो, कारण ती एकच थेंब लावते. अत्तराचा फाया कानात ठेवणाऱ्यांनी आणि हळदीकुंकवाला काडी फिरवणाऱ्यांनी मापाचा जो बंदोबस्त करून ठेवला होता, त्याहून चांगली तजवीज फवाऱ्याच्या बाटल्या काढणाऱ्यांना अद्याप सुचलेली नाही.

त्या संक्रांतीच्या संध्याकाळी वाणाची वाटी घेऊन उठताना काकूंनी जरा इकडेतिकडे पाहिले, माझ्याकडून कापसाचा लहानसा बोळा मागून घेतला, तो कुपीत बुडवला आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकला. वेणीबद्दलची तक्रार मात्र त्यांनी मागे घेतली नाही.