वाळवंटातली रोटी : आखाती देश अन्नाची तजवीज कशी करतात?

५ जून २०१७. रमजानचा महिना चालू होता. त्या दिवशी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त या चार देशांनी कतारशी संबंध तोडले. कतारला बाहेर जाण्यासाठी जमिनीचा एकच रस्ता आहे व तो सौदी अरेबियातून जातो. तोच बंद झाला. कतारला लागणाऱ्या अन्नापैकी सुमारे ४० टक्के माल याच रस्त्याने ट्रकमधून येत असे. दूध-दही तर बहुतेक सौदी डेअऱ्यांचेच. बातमी पसरताच दोहा शहरातील दुकानांत झुंबड उडाली आणि बघता बघता दुधाच्या व कोंबडीच्या फळ्या रिकाम्या झाल्या.

कतार हा जगातील सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक. पैशाची चणचण नव्हती. पण तिजोरी भरलेली असली म्हणजे ताटही भरलेले राहते असे नाही, हा धडा त्या इफ्तारीच्या वेळी घरोघर मिळाला.

हा प्रश्न एकट्या कतारचा नाही. सौदी अरेबिया, कुवैत, अमिराती, बहरीन, ओमान या सर्वच देशांत पाऊस नाममात्र पडतो आणि बारमाही नदी एकही नाही. अन्नाचा फार मोठा भाग बाहेरून येतो. तांदूळ तर जवळजवळ सगळाच. आपल्या वाचकांचा या बाजाराशी जुना संबंध आहे. नाशिकचा कांदा, सोलापूर-जळगावची केळी, कोकणचा आंबा तिकडे जातो आणि कोकणातल्या कित्येक घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते. म्हणून हे देश आपल्या रोटीची सोय कशी लावतात, हे व्यापाऱ्याने समजून घेतले पाहिजे.

तेलाच्या आधी

तेल सापडण्यापूर्वीही अरबस्तानात माणसे राहत होतीच. मरूद्यानात खजुराची बाग, तिच्या सावलीत फळझाडे आणि त्याखाली चारा व भाजी, अशी तीन मजली शेती होती. ओमानमध्ये डोंगरातले पाणी ‘फलज’ नावाच्या पाटाने गावात आणत आणि प्रत्येक घराला पाण्याची पाळी ठरवून देत. अशा पाच फलजांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ही शेती पाण्याच्या आवकेइतकीच होती. बाकीची गरज व्यापार भागवीत असे. बसऱ्याचा खजूर गलबतांतून मुंबईला येई आणि मुंबई-मलबारचा तांदूळ, चहा, कापड व इमारती लाकूड तिकडे जाई. म्हणजे बाहेरून अन्न आणणे ही तिथली नवी गोष्ट नाही. नवी आहे ती लोकसंख्या आणि तिची गरज.

भांडवल खाऊन केलेला धंदा

१९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला, तेव्हा पाश्चात्त्य देश उलट गव्हाची नाकेबंदी करतील अशी भीती रियाधमध्ये निर्माण झाली. सरकारने ठरवले की गहू घरीच पिकवायचा. १९८० च्या सुमारास शेतकऱ्याला टनामागे ३,५०० रियाल भाव दिला जाऊ लागला. हा भाव जागतिक बाजाराच्या कित्येक पट होता. विहिरी, पंप आणि गोल फिरणारी पाणी देण्याची यंत्रे यांसाठी कर्जे मिळाली. विमानातून पाहिले तर वाळवंटात हिरव्या थाळ्या मांडल्यासारखे दिसे. १९९२ च्या सुमारास उत्पादन ४० लाख टनांवर गेले. ते देशाच्या गरजेच्या जवळपास दुप्पट होते. वाळवंटातला देश गहू निर्यात करू लागला!

कागदावर हे मोठे यश होते. पण हे पाणी आले कुठून? ते पावसाचे नव्हते. हजारो वर्षांपूर्वी, तिथले हवामान ओले असताना, खडकाच्या पोटात साठलेले ते पाणी होते. ते एकदा उपसले की पुन्हा भरत नाही. एक किलो गहू पिकवायला हजार लिटरहून अधिक पाणी लागते. लंडनचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी याच हिशेबावरून ‘आभासी पाणी’ ही कल्पना मांडली आणि २००८ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. त्यांचे म्हणणे साधे होते : गहू विकत घेणारा देश खरे तर पाणीच विकत घेत असतो. मग सौदी अरेबिया गहू विकत होता तेव्हा काय विकत होता? आपले न परत येणारे पाणी, आणि तेही तोट्यात.

कोणत्याही दुकानदाराला हा हिशेब कळेल. रोजच्या विक्रीतून नफा काढणे वेगळे आणि भांडवल मोडून घरखर्च चालवणे वेगळे. वरून दुकान भरभराटीचे दिसते, पण मुद्दल आत संपत असते. रियाधच्या दक्षिणेला लैला गावाजवळ नैसर्गिक तळी होती, ती आटून गेली. अल-अहसा या प्रसिद्ध मरूद्यानातले आपोआप वाहणारे झरे थांबले आणि तिथे पंप बसवावे लागले.

अखेर २००८ साली सरकारने गव्हाची खरेदी दरवर्षी साडेबारा टक्क्यांनी कमी करण्याचा निर्णय घेतला आणि २०१६ मध्ये ती बंद केली. पण अनेक शेतकरी गहू सोडून लसूणघासाकडे वळले. हा चारा वर्षभर पाणी पितो. एक गळती बुजवताना दुसरी मोठी झाली आणि मग चाऱ्यावरही बंधने घालावी लागली. २०१८ मध्ये ठरावीक मर्यादेत गहू पिकवण्याची पुन्हा परवानगी देण्यात आली. मात्र सगळे घरीच पिकवण्याचा हट्ट सरकारने सोडला तो सोडलाच.

दुसऱ्याच्या शेतात पेरणी

घरी पाणी नसेल तर दुसऱ्याच्या देशात जमीन घ्यावी, हा पुढचा विचार होता. २००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले. भारत, व्हिएतनाम यांसारख्या देशांनी तांदळाच्या निर्यातीवर बंधने आणली. पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला माल मिळेना. तेव्हा आखाती कंपन्या सुदान, इथियोपिया, पाकिस्तान अशा देशांत जमिनी शोधू लागल्या. त्यातल्या कित्येक योजना कागदावरच राहिल्या. सुदानमध्ये तर १५ एप्रिल २०२३ रोजी यादवी युद्ध पेटले. शेत आपल्या नावावर असले तरी रस्ता, बंदर आणि शांतता आपल्या नावावर नसते.

अमेरिकेतही अडचण आलीच. सौदीची मोठी डेअरी कंपनी अल-मराई हिने २०१४ मध्ये ॲरिझोना राज्यात सुमारे ९,८०० एकर जमीन घेतली. तिथे चारा पिकवायचा आणि जहाजाने गाईंसाठी आणायचा, अशी योजना होती. पण ॲरिझोनाही कोरडाच. आपल्या विहिरी आटत असल्याची तिथल्या लोकांची तक्रार वाढली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी कंपनीच्या उपकंपनीला दिलेले सरकारी जमिनीचे भाडेपट्टे संपवण्याची घोषणा केली. शेजाऱ्याच्या विहिरीवर आपला मळा कायम चालत नाही.

यातून सौदी सरकारने नवी चाल धरली : जमीन घेण्यापेक्षा धान्याच्या व्यापारात भागीदारी घ्यायची. सालिक या सरकारी कंपनीने २०१५ मध्ये कॅनडाच्या गहू व्यापारात आणि २०२० मध्ये आपल्याकडील ‘दावत’ बासमतीच्या कंपनीत सुमारे ३० टक्के हिस्सा घेतला. आता गिऱ्हाईकच दुकानात भागीदार झाले.

कतारने काय केले?

पुन्हा दोह्याकडे वळू. नाकेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात तुर्कस्तानातून विमानांनी दूध-दही आले, इराणातून जहाजांनी भाजीपाला आला. पण विमानाने दूध आणणे हा कायमचा इलाज नव्हे. जुलै २०१७ मध्ये ‘बलदना’ या कंपनीने चक्क गाईच विमानाने आणल्या. पहिल्या खेपेस १६५ गाई उतरल्या. पंखे आणि पाण्याचे फवारे लावलेले गोठे उभे राहिले आणि सुमारे वर्षभरात देशाची ताज्या दुधाची गरज घरीच भागू लागली. सप्टेंबर २०१७ मध्ये हमद बंदराचे रीतसर उद्घाटन झाले, त्यामुळे मोठी जहाजे दुबईला न थांबता थेट येऊ लागली. जानेवारी २०२१ मध्ये अल-उला येथे समझोता होऊन नाकेबंदी उठली, पण गोठे आणि बंदर राहिले.

यातही एक गोम आहे. दूध कतारचे असले तरी गाईचा चारा मुख्यतः बाहेरूनच येतो. परंतु चारा महिनोन्‌महिने साठवता येतो आणि दहा देशांतून आणता येतो. ताजे दूध तसे नाही. म्हणून जे नासते ते जवळ तयार करावे आणि जे टिकते ते अनेक ठिकाणांहून घेऊन कोठारात ठेवावे, हे सूत्र आखाताला सापडले. दुबईजवळ २०२२ साली बंदिस्त जागेत, मजल्यांवर मजले रचून पालेभाजी पिकवणारे मोठे केंद्र सुरू झाले, ते याच विचाराने. गव्हासाठी असले कारखाने परवडत नाहीत. कोथिंबीर-पालकासाठी परवडू शकतात.

कोठार आणि दारे

सात सुगीच्या वर्षांत धान्य राखून दुष्काळाची सात वर्षे निभावण्याची हजरत यूसुफ (अ.) यांची तजवीज आपल्या सर्वांना माहीत आहे. आजही कोठार हाच अन्नसुरक्षेचा पाया आहे. फक्त ते कुठे आहे आणि त्याला दारे किती, हे पाहावे लागते.

कुवैत, बहरीन आणि कतारला समुद्राने जायचे तर हॉर्मुझच्या सामुद्रधुनीखेरीज वाट नाही. म्हणूनच अमिरातीने फुजैरा येथे, म्हणजे हॉर्मुझच्या बाहेरच्या किनाऱ्यावर, धान्याची प्रचंड कोठारे बांधली. सौदी अरेबियाला लाल समुद्राचीही बाजू आहे; पण नोव्हेंबर २०२३ पासून तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. एकच दार असू नये, तसे एकच कोठारही असू नये. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात स्फोट होऊन लेबनॉनचे मुख्य धान्य कोठार उद्ध्वस्त झाले, तेव्हा देशात महिनाभराचाही गहू उरला नव्हता.

हे सगळे करायला पैसा लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याचे काय होते, हे त्याच अरबस्तानातल्या येमेनकडे पाहून कळते. येमेनचा सुमारे ९० टक्के गहू बाहेरून येतो आणि घरचे बरेचसे पाणी कात नावाच्या नशेच्या पानाला जाते. ऑगस्ट २०१५ मध्ये हुदैदा बंदरातल्या क्रेन हवाई हल्ल्यात निकामी झाल्या. बदली क्रेन पोहोचल्या त्या जानेवारी २०१८ मध्ये. मधल्या काळात जहाजे ताटकळत राहिली आणि लेकरे उपाशी राहिली.

आपल्या बाजूचा हिशेब

आता आपल्याकडे पाहू. जगाच्या तांदूळ व्यापारात सुमारे ४० टक्के वाटा भारताचा आहे. पण गिऱ्हाइकाच्या नजरेने अलीकडची वर्षे पाहा. १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर बंदी आली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण बंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, तीही किमान भावाची अट आणि शुल्क ठेवून. शेवटचे २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ रोजी गेले.

देशातल्या गिऱ्हाइकाला भाव झेपावा हा सरकारचा हेतू समजण्यासारखा आहे. पण लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याने आणि व्यापाऱ्याने त्याची किंमत मोजली. तिकडे दुबईचा आडत्या पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तानच्या कांद्याकडे वळला. एकदा दुसऱ्या दुकानाची सवय लागलेले गिऱ्हाईक परत येते, पण पूर्वीइतका विश्वास ठेवत नाही. आपण ज्याला भावनियंत्रण म्हणतो, त्याला समोरचा बेभरवशाचा पुरवठा म्हणतो.

सरकारी धोरण व्यापाऱ्याच्या हातात नाही; पण काही गोष्टी आहेत. आखाताला आता सर्वांत स्वस्त मालापेक्षा हमखास मिळणारा माल हवा आहे. प्रतवारी एकसारखी ठेवणे, औषधफवारणीचा अंश मर्यादेत ठेवणे, वजनात व तारखेत शब्द पाळणे, बंदी आली तर गिऱ्हाइकाला लपवाछपवी न करता लगेच कळवणे, या गोष्टींना तिथे किंमत आहे. कारागिरांनाही यात काम आहे. शीतगृहाचे पत्रे व पाइप, खोकी व पॅकिंग, ठिबकची जोडणी, वातानुकूलन दुरुस्ती, हे सारे अन्नसुरक्षेचेच भाग आहेत. ज्याच्या हातात हे हुन्नर आहे त्याने ते कागदोपत्री प्रमाणपत्रासह सिद्ध करावे.

शेवटी एक गोष्ट, जिला विहीर लागत नाही आणि जहाजही लागत नाही. २०१९ च्या सौदी सरकारी पाहणीत असे दिसले की देशातले सुमारे एक तृतीयांश अन्न वाया जाते. त्याची किंमत वर्षाला ४० अब्ज रियालच्या आसपास होती. इतक्या लांबून, इतक्या खर्चाने आणलेला तांदूळ मेजवानीच्या थाळीतून कचऱ्यात जातो! हीच नासाडी निम्म्यावर आणली तर दुसऱ्याच्या जमिनीची आणि पोटातल्या पाण्याची गरज तेवढी कमी होईल. आपल्या लग्नघरांतल्या दस्तरखानांकडे पाहिले तर हे फक्त सौदीलाच सांगायचे आहे असे वाटत नाही. अन्नाची बरकत शेतात सुरू होते, पण ती टिकते की जाते हे ताटात ठरते.